दुसरीचा वर्ग गप्प झाला

नोकरीसाठी माझी परीक्षा झाली ती अशी, की घेणारे रस्त्याच्या पलीकडं उभे आणि देणारी मी पत्र्याच्या शेडमध्ये. उस्मानपुऱ्यात तेव्हा नानांची शाळा होती, पहिली ते चौथी. नाना कापडाचं दुकान सांभाळून शाळा चालवायचे. त्यांनी मला गुण विचारले नाहीत, काही वाचून घेतलं नाही. "बाराचा पाढा येतो ना? मी पलीकडं जातो, तिथवर ऐकू आला पाहिजे," म्हणाले आणि धोतराचा सोगा सावरत खरंच रस्ता ओलांडून पानाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहिले. आता मी बिडकीनच्या रानात वाढलेली. विहिरीवरून हाक मारली की आप्पा, म्हणजे माझे वडील, पार पल्याडच्या बांधावरून ओ द्यायचे. मी पाढा म्हणायला लागले. निम्मा झाला नाही तोच नानांनी तिथूनच हात वर केला. परत आले ते हसतच. "उद्यापासून दुसरी तुमच्याकडं, सुमनबाई. दिवाळीपर्यंत बघू."

आवाजाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण नानांचा हिशोब सरळ होता. रस्त्यानं जाणाऱ्या आईबापाला शाळेतून पाढ्यांचा, कवितांचा गजर ऐकू आला पाहिजे. ऐकलं की तो म्हणणार, इथं अभ्यास होतो. गप्प शाळा म्हणजे त्यांच्या लेखी बंद दुकान. म्हणून चारही वर्गांच्या रस्त्याकडच्या खिडक्या कायम उघड्या ठेवायच्या आणि वर्गातलं सगळ्यांत मोठ्या गळ्याचं पोर खिडकीशी बसवायचं, हा नियमच होता. माझ्या वर्गात ती जागा शोभाची होती. दोन घट्ट वेण्या, पुढचे दोन दात पडलेले आणि आवाज असा की सगळी शाळा तिला भोंगा म्हणायची. नाना येता-जाता तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. पत्र्याच्या एकाच शेडात चार वर्ग, मधे छातीइतके उंच लाकडी पडदे. तिसरीनं तीसचा पाढा लावला की दुसरीनं त्याच्या वर कविता लावायची, मग पहिली बाराखडी घेऊन उठायची. अशात मी दिवसभर ओरडायचे. मला वाटायचं, शिकवणं म्हणतात ते हेच.

राहायला मी पुंडलिकनगरला आत्याकडं होते. आज तिथं घराला घर लागलंय, गाडी लावायला जागा मिळत नाही, पण तेव्हा आत्याच्या दारातून बाभळी दिसायच्या आणि मधे नुसते आखलेले प्लॉट. दोन खोल्या, मागं न्हाणी. पहाटे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला की मला जाग यायची, मग पिन मारणं, मग स्टोव्हचा तो भर्रर्र. आत्या भाकरी थापायची तर तिच्या बांगड्या आणि भाकरी एका तालात वाजायच्या. शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि दोन भाकरी फडक्यात बांधून ती माझ्या हातात द्यायची आणि रोज एकच विचारायची, "काल कोणाला मारलं तर नाय ना?" आणि मामा, म्हणजे आत्याचे यजमान, पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "मारायची काय गरज आहे हिला? हिनं नाव घेतलं तरी पोरं चळाचळा कापत असतील." संध्याकाळी येसरची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी असायची, तिच्या वासानं मी गल्लीच्या तोंडापासूनच पाय उचलायचे. त्या घरानं मला कधी पाहुणी म्हणून वागवलं नाही, याच्याइतकं मोठं देणं दुसरं काय असतं. आत्या गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अजून येसर भाजायला घेतलं की मी एकटीच तिच्याशी बोलत असते. सून म्हणते, "आई, कोणाशी बोलताय?" मी म्हणते, "तुझ्या आजेसासूशी."

आप्पांनी मला इकडं पाठवलं ते मात्र एका बोलीवर. मॅट्रिक झाले तेव्हाच पैठणकडचं एक स्थळ आलं होतं, शेतीवाडी चांगली, माणसं चांगली. मी रडले नाही, भांडले नाही, नुसतं म्हणाले, मला मास्तरीण व्हायचंय. आप्पा म्हणाले, "दिवाळीपर्यंत कर. कायम केलं त्यांनी, तर पुढचं बघू. नाय केलं, तर मुकाट्यानं परत यायचं. पाव्हण्याला मी दिवाळीपर्यंत थांबा म्हणतो." म्हणजे माझं सगळं त्या दिवाळीवर आणि नानांच्या मर्जीवर येऊन ठेपलेलं. आणि नानांनी मला घेतलेलं नुसत्या गळ्यासाठी.

दसरा झाला आणि माझा गळाच गेला. आधी घोगरा झाला, मग तुटायला लागला, आणि एका सकाळी हजेरी घ्यायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. पोरांना गंमत वाटली. मी तडक डॉक्टर गाठला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं आणखी ताण येतो." आत्यानं ज्येष्ठमधाची कांडी तोंडात कोंबली, हळदीचं दूध केलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. मामा म्हणाले, "घरात एवढी शांतता झाली, मला पेपर वाचताना सारखं वाटतंय कोणी वारलं की काय." मी हसायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांतून पाणीच आलं.

आमच्या शाळेत चौथीला साळवे बाई होत्या, आम्हां चौघींत सगळ्यांत जुन्या. घरी भिंतीवर एकच तसबीर आणि तिच्याखाली पुस्तकांची फळी. वडिलांनी मुलींना रोज संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायला लावलेला, असं घर. मी पाटीवर लिहून त्यांना दाखवलं, नाना काढून टाकतील मला. त्यांनी वाचलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "नाना दिवाळीचा माल आणायला सुरतेला गेलेत. यायला अवकाश आहे. तोवर तू एक कर. पडद्याच्या या बाजूला मला रोज ऐकू येतं, तू प्रश्न विचारतीस आणि उत्तरही तूच देतीस. पोरांना सवड कुठं देतीस गं? आता तोंड बंद झालंच आहे, तर बघ काय होतंय ते."

म्हणून मी फळ्यावर लिहिलं, 'पाटी काढा.' आणि वर्गाकडं तोंड करून उभी राहिले. काही पोरांनी काढली. काहींनी शेजारच्याकडं बघून काढली. बरीच नुसती माझ्या तोंडाकडं बघत बसली. आणि खिडकीशी बसलेली शोभा उठली, हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात दोनचा पाढा म्हणायला लागली. बाईंनी फळ्यावर काहीतरी लिहिलंय म्हणजे काहीतरी म्हणायचं असणार, एवढंच तिला कळलेलं. वर्ग हसला. ती बिचारी बे दाहे वीसपर्यंत म्हणून खाली बसली, आता तरी झालं ना, अशा नजरेनं.

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेतलं. पुस्तकातल्या 'म' वर बोट ठेवलं. ती सुरू झाली, "क, ख, ग, घ..." आणि गात गात 'म' ला येऊन थांबली, माझ्याकडं बघून हसली. दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं, पुन्हा 'क' पासून गाडी सुटली. तिला सगळं पाठ होतं आणि वाचायला एक अक्षर येत नव्हतं. मी महिनोन् महिने तिच्या आवाजावर वर्ग पेलत होते आणि ती सगळ्यांच्या आवाजात मिसळून, खरं तर सगळ्यांच्या पुढं राहून, मागं पडत होती. तिच्यासारखी आणखी होती, तिच्या आवाजाच्या आडोशाला बसलेली. मी तिच्या वेण्यांवरून हात फिरवला. रागवावं तर कोणावर?

मग मी कामाला लागले. मामांनी ओळखीपाळखीतून जुन्या लग्नपत्रिका गोळा करून आणल्या, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी शब्द लिहिले, 'दार', 'माठ', 'खडू', 'पेला', 'खिडकी', आणि आत्यानं कणकेची खळ शिजवून दिली ती लावून वर्गभर चिकटवले. फळ्यावर रोज छोटी वाक्यं. 'पेला आण.' 'दार लाव.' 'टाळी वाजव.' आणि एक नियम केला, तो पोरांना खुणेनं समजावताना माझी पार नाचगाण्यातली बाई झाली. नियम असा, की वाक्य लिहिलं की कोणी उठायचं नाही, ओरडायचं नाही. सगळ्यांनी मनात वाचायचं. मी थांबणार. मग बोट ज्याच्याकडं दाखवीन त्यानंच ते काम करायचं. हे थांबणं फार जड जातं बरं का. पहिल्यांदा मला वाटायचं, तास तसाच गेला. आता इथं पुंडलिकनगरात नव्या शिकवणाऱ्या पोरी माझ्याकडं येऊन बसतात, कोणाच्या कॉलरला बारका माईक असतो, कोणाच्या वर्गात भिंतीवर पडदा असतो. मला विचारतात, आजी, वर्ग ताब्यात कसा ठेवायचा? मी त्यांना सांगते, विचारून झालं की गप्प बसायला शिका आणि खाली बघू नका, पोरांकडं बघा. त्यांना वाटतं म्हातारी काहीतरी मोठं सांगेल. हेच सांगते.

दंगा करणाऱ्या पोराचंही तसंच. आधी मी जागेवरून नाव घेऊन ओरडायचे, मग त्याला सगळा वर्ग बघायला मिळायचा. आता ओरडता येईना, म्हणून मी चालत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहायचे आणि पुस्तकावर बोट ठेवायचे. बस्स. गप्पच व्हायचं की ते! शोभाला मी खिडकीतून उठवून पहिल्या रांगेत घेतलं. तिचा चेहरा पडला, मानाची जागा गेली ना. मग मी रोज पहिलं वाक्य तिच्या नावाचं लिहायला लागले. 'शोभा, ये.' 'शोभा, बस.' 'शोभा, हस.' ती ओठ हलवत, हवेत बोट फिरवत वाचायची आणि कळलं की अशी हसायची की पडलेल्या दातांची जागा दिसायची.

शाळेची जागा होती एका म्हाताऱ्या मुसलमान बाईंची, सगळे त्यांना खाला म्हणायचे. शेडाच्या मागं त्यांचं घर. इतकी वर्षं आमचा गजर ऐकून त्यांचे कान किटलेले. एके दिवशी दुपारी पान चघळत दारात येऊन उभ्या राहिल्या. "क्यों गे, दूसरी कू छुट्टी है क्या? मेरे कू नींद लग गई आज, कित्ते बरसों के बाद." मी गळ्याकडं हात केला. त्यांनी जवळ येऊन माझी हनुवटी धरली, "अगे बेटी! बोलना नक्को, बिल्कुल नक्को," आणि जाताना पहिलीच्या वर्गाकडं बघून म्हणाल्या, "इन के गले कब बैठते की." त्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत माझ्यासाठी लवंग-मिऱ्याचा काढा यायचा, कधी वाटीभर खीर यायची.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा शनिवार. नाना सुरतेहून आले आणि नेहमीसारखे आधी रस्त्यापलीकडं टपरीपाशी जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघितलं. ते कान देऊन ऐकत होते. पहिली वाजत होती, तिसरी, चौथी वाजत होती. थोड्या वेळानं ते तरातरा रस्ता ओलांडून आले. "दुसरी कुठंय? दुसरीचा आवाजच नाही!" साळवे बाई त्यांच्या वर्गातून बाहेर आल्या. "सुमनचा गळा बसलाय, नाना. डॉक्टरांनी बोलायचं नाही सांगितलंय. वर्ग चालू आहे पण. आत जाऊन बघा तरी."

नाना आत आले. पोरं उभी राहिली, मी हातानं खुणावलं तशी बसली. नानांनी रिकामी खिडकी बघितली, पुढच्या रांगेतली शोभा बघितली. "हिला इथं का आणलं?" मी काय सांगणार, कपाळ. त्यांनी भिंतीवरच्या पत्रिका बघितल्या, फळा बघितला. "हे काय चाललंय मुक्यांचं? पोरं वाचतात म्हणता? पाठ करून घेतलेलं असेल. मीच लिहितो." त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मला पाणी दे.' नशीब माझं, जोडाक्षर नाही घातलं.

वर्ग गप्प. मी सवयीनं पोरांकडं बघत थांबले. कोणी उठेना, पण मागच्या पोरांचे डोळे चमकलेले मला दिसत होते. नाना म्हणाले, "बघा, कळलं कुणाला?" आणि मग त्यांनी बोट दाखवलं ते नेमकं शोभाकडं. त्यांची लाडकी ना ती. ढीगभर पोरं होती जी उठून धावत गेली असती. या पोरीला दसऱ्याला 'म' कळत नव्हता. मला तिला काही सांगता येईना, आणि सांगता आलं असतं तर मी नक्की सांगितलं असतं, तेही कबूल करते. शोभानं बोट वर केलं, हवेत एकेका अक्षराखालून फिरवलं. ओठ हलत होते. पुन्हा पहिल्यापासून. नानांनी घसा खाकरला. ती उठली आणि माठाकडं न जाता खिडकीकडं चालायला लागली. संपलं, म्हणलं मी मनात. बिडकीन, पैठण, सगळं डोळ्यापुढं आलं. शोभानं खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला पेला उचलला, फ्रॉकला पुसला, माठातून भरून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून, अंगावर सांडत सांडत, नानांपुढं येऊन उभी राहिली.

नाना पेला घेईनातच. फळ्याकडं बघत होते, तिच्याकडं बघत होते. मग घेतला आणि एका दमात प्यायले. मागून पोरं टाळ्या वाजवायला लागली, नियम मोडूनच. "वाचलं तू?" त्यांनी विचारलं. "व्हय," शोभा म्हणाली, "मला पाणी दे. आणखी आणू का?"

तुम्हाला वाटेल नाना विरघळले. तसं काही नाही. पेला माझ्या हातात देत म्हणाले, "पाणी मिळालं. पण रस्त्यावर काय ऐकू जाणार?" तेव्हा साळवे बाई पडद्यावरून म्हणाल्या, "रस्त्यासाठी माझी चौथी आहे, नाना. हवं तर दिवसभर ओरडवते. दुसरीला वाचू द्या. ही पोरं उद्या माझ्याकडंच यायची आहेत." आणि मागच्या दारातून खाला, कधीच्या येऊन ऐकत होत्या कोण जाणे, "नानासाब, इस लड़की कू रखो. बाकी सब के गले बैठने देव!" चौथीची पोरं खदाखदा हसली. नानाही हसले, मिशीतल्या मिशीत. दाराशी जाऊन थांबले. "पाढे मोठ्यानं झाले पाहिजेत, खिडकी उघडी ठेवून. बाकीच्या वेळात तुमचं तुम्ही बघा. आणि सुट्टीत गळ्याची काळजी घ्या सुमनबाई, सुट्टीनंतर यायचंय." साळवे बाईंनी पडद्यापलीकडून माझ्याकडं बघून मान डोलावली. नाना माणूस हेकट, पण त्यांनी मला आवाजासाठी घेतलं आणि आवाज नसताना ठेवलं, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी वावगं बोललेलं मला आजही खपत नाही. पुढं मी बाहेरून परीक्षा दिल्या, शाळा बदलल्या, निवृत्त झाले. शिकवायला मात्र त्या तीन आठवड्यांत शिकले, आणि शिकवणारी पहिल्या रांगेत बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले, एसटीनं, धुतलेलं धोतर नेसून. मला न्यायला आले होते की विचारायला, ते त्यांच्या तोंडावरून कळेना. आत्यानं पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, नाना, फळा, पोरगी, पाणी, एका श्वासात. मामा मधे म्हणाले, "अगं, त्यांना टेकू तर दे." आप्पा टेकले. चहाची बशी फुंकत माझ्याकडं बघत म्हणाले, "व्हय का गं?" मी मान हलवली. "मान काय हलवती, तोंडानं बोल की."

एवढ्या दिवसांनी मी पहिल्यांदा बोलले. आवाज आला, पण तो माझा जुना नव्हता. बारीक होता, जवळच्यालाच ऐकू जाईल एवढा. म्हणाले, "कायम केलं आप्पा. मी राहते."

आप्पा पुढं झुकून ऐकत होते. मग मागं सरले, उरलेला चहा प्यायले, बशी उपडी घातली. आत्याकडं वळून म्हणाले, "पाव्हण्याला मी सांगतो काय सांगायचं ते. हिला धरून वरसाला जवारी किती लागती तुला? सुगी झाली की आणून टाकतो."